शून्य सदिशाला दिशा असते की नसते?

प्रश्न — मुळाकाठ

नमस्कार. माझी भाची यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली आणि आता सगळे विषय इंग्रजीतून आले आहेत, त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघे बसून एकेक संकल्पना मराठीत बोलून पक्की करतो. मी वाणिज्य शाखेचा आहे. सदिशांशी माझी ओळख या वर्षीच, तिच्याबरोबर झाली.

आम्ही अडलो आहोत ते शून्य सदिशापाशी. तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिले आहे की सदिश म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असणारी राशी. दोन पानांनंतर शून्य सदिश येतो, ज्याचे परिमाण शून्य आहे. त्याच्या दिशेबद्दल महाविद्यालयाच्या वहीत 'दिशा नसते' असे आहे, तर क्लासच्या नोट्समध्ये 'कोणतीही दिशा घेता येते' असे आहे. ती मला विचारते, "मामा, ज्याला लांबीच नाही त्याला दिशा कुठून येणार? आणि दिशा नसेल तर त्याला सदिश का म्हणायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी शंका चाचणीतील आहे. एका उदाहरणाच्या शेवटी तिने बेरीज नुसती ० लिहिली, वर बाण काढला नाही, म्हणून अर्धा गुण गेला. गुणाचे फार वाटत नाही, पण त्या बाणाने नेमका काय फरक पडतो हे तिला कोणी सांगितले नाही.

तिसरी शंका अशी की शून्य सदिश प्रत्येक सदिशाला समांतर असतो आणि प्रत्येक सदिशाला लंबही असतो, असे नोट्समध्ये आहे. एकच वस्तू एकाच रेषेला समांतर आणि लंब कशी असू शकेल?

येथे अक्षरावर बाण टंकता येत नाही. म्हणून क, ख, ग ही अक्षरे सदिशांसाठी आणि म, न ही साध्या संख्यांसाठी, म्हणजे अदिशांसाठी, वापरावीत अशी विनंती आहे. ० हे चिन्ह अदिश शून्यासाठी ठेवू आणि शून्य सदिश शब्दांतच लिहू.

उत्तर — कोनमापक

आपल्या भाचीचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे गणित शिकवले आहे आणि माझा अनुभव असा की शून्य सदिश न कळलेली मुले पुढे रेषीय अवलंबन (एक सदिश इतर सदिशांच्या पटींच्या बेरजेतून मिळणे) आले की हमखास अडखळतात. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'परिमाण आणि दिशा असणारी राशी' ही सदिशाची ओळख आहे, पूर्ण व्याख्या नव्हे. विद्युतधारा पाहा. तिला परिमाण आहे, तारेतून ती कोणत्या बाजूला वाहते हेही सांगावे लागते, तरीही ती सदिश राशी नाही, कारण दोन तारा एका सांध्याला येऊन मिळाल्या तर त्यांतील धारांची बेरीज साध्या संख्यांसारखीच होते. तारांमधला कोन ३० अंश आहे की ९० अंश, याने काही बदलत नाही. ज्या राशींची बेरीज त्रिकोणाच्या नियमाने, म्हणजे एका बाणाच्या टोकाला दुसरा बाण जोडून, होते त्यांनाच आपण सदिश म्हणतो. म्हणजे सदिशाचा सदिशपणा त्याच्या बेरजेच्या रीतीत आहे, आणि शून्य सदिशाला सदिशांच्या घरात जागा मिळते ती बेरजेमुळे.

भाचीला त्रिकोण अबक काढायला सांगा (येथे अ, ब, क हे बिंदू आहेत, सदिश नव्हेत). अ पासून ब पर्यंत, ब पासून क पर्यंत आणि क पासून परत अ पर्यंत अशी तीन विस्थापने ओळीने घेतली, तर पेन्सिल निघाली त्याच जागी येऊन थांबते. या तीन सदिशांची बेरीज किती? दोन सदिशांची बेरीज सदिशच असते असा नियम आपण आधी मान्य केला आहे. शून्य सदिश नाकारला, तर प्रत्येक बेरजेपूर्वी 'उत्तर मूळ जागी येत नसेल तरच' अशी पुरवणी जोडावी लागेल आणि वजाबाकीची तर वाटच लागेल, कारण क या सदिशातून क वजा करण्याची सोयच उरणार नाही. म्हणून शून्य सदिशाची खरी व्याख्या त्याच्या कामावरून होते: कोणत्याही सदिशात मिळवला असता तो सदिश जसाच्या तसा ठेवणारा सदिश. या व्याख्येत दिशेचा उल्लेख नाही आणि त्याची गरजही नाही.

असे दोन सदिश असू शकतील का, हे भाचीला विचारून पाहा. समजा शून्य सदिश आणि दुसरा कोणी श, दोघेही हेच काम करतात. मग शून्य सदिश + श ही बेरीज एका बाजूने पाहिली तर श आहे आणि दुसऱ्या बाजूने पाहिली तर शून्य सदिश आहे, म्हणजे दोघे एकच. उत्तरेकडचा शून्य सदिश आणि पूर्वेकडचा शून्य सदिश असे वेगवेगळे शून्य सदिश संभवत नाहीत, हे या एका ओळीत सिद्ध होते. मला ही ओळ फार आवडते आणि वर्गात ती मी कधी वगळली नाही.

आता बाणाबद्दल. आपण वाणिज्य शाखेचे आहात, तेव्हा आपल्याला हे लगेच पटेल. रोकडवहीत शिल्लक शून्य रुपये असते आणि मालसाठ्याच्या वहीत शिल्लक शून्य क्विंटल असते. दोन्ही ठिकाणी शून्यच आहे, पण एका वहीतील शून्य दुसऱ्या वहीत मांडता येत नाही. समीकरणाच्या डाव्या बाजूला सदिश असेल तर उजव्या बाजूलाही सदिशच हवा. क + (−क) याचे उत्तर शून्य सदिश आहे. क आणि ख यांचा अदिश गुणाकार (ज्याचे उत्तर साधी संख्या असते) शून्य आला तर ते उत्तर मात्र साधे ० आहे. क चा स्वतःशीच सदिश गुणाकार (ज्याचे उत्तर सदिश असते) केला तर पुन्हा शून्य सदिश. परीक्षकाने अर्धा गुण कापला तो नियमाला धरूनच आहे, मात्र कारण सांगायला हवे होते. त्याच न्यायाने प्रतलातील शून्य सदिश (०, ०) आणि त्रिमितीतील शून्य सदिश (०, ०, ०) हेही वेगवेगळ्या वह्यांतले शून्य आहेत.

आणखी एक चूक मुले करतात. शून्य सदिश आकृतीत ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला आरंभबिंदूच समजतात. आरंभबिंदू हा एक ठराविक बिंदू आहे. शून्य सदिश म्हणजे 'अ पासून अ पर्यंत', तसेच 'ब पासून ब पर्यंत' आणि मुंबईपासून मुंबईपर्यंतसुद्धा. आरंभबिंदूचा स्थान सदिश (आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा सदिश) शून्य सदिश असतो एवढाच दोघांचा संबंध.

दिशेच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: शून्य सदिशाला दिशा नसते. एखाद्या सदिशाची दिशा काढायची म्हणजे त्याला त्याच्या परिमाणाने भागून एकक सदिश, म्हणजे १ परिमाणाचा सदिश, मिळवायचा. येथे भाजक शून्य आहे, त्यामुळे कृतीच थांबते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले तेव्हा समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य होते हे अचूक सांगितले. आपले क + (−क) त्याच वळणाचे आहे. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असेही त्याने म्हटले होते, पण ते पुढे टिकले नाही. शून्य सदिशाच्या दिशेचा प्रश्न त्याच भागाकारापाशी अडतो.

उत्तर — दोरीची गाठ

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. वरील उत्तराशी सहमत आहे, पण 'दिशा नसते' हे वाक्य मला कळले ते ग्रेव्हसँडच्या उपकरणावर, म्हणून तो प्रयोग सांगतो. भाचीला तो यंदा करायचा असेलच.

उभ्या लाकडी फळ्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक कप्पी असते. दोरा दोन्ही कप्प्यांवरून घेतात, मध्ये गाठ मारून तिसरा दोरा खाली सोडतात आणि तिन्ही टोकांना वजने अडकवतात. समजा डावीकडे १५० ग्रॅम, उजवीकडे २०० ग्रॅम आणि मधल्या दोऱ्याला २५० ग्रॅम आहे. हात काढला की गाठ जराशी हलते आणि एका जागी स्थिर होते. वरच्या दोन दोऱ्यांमधला कोन मापला तर तो ९० अंशांच्या आसपास येतो, कारण ३, ४ आणि ५ या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो. त्या स्थिर गाठीवर तीन बले ओढ देत आहेत आणि त्यांची बेरीज शून्य सदिश आहे. कागदावरचे चिन्ह एवढीच ज्याची ओळख होती, तो शून्य सदिश येथे दोऱ्याच्या गाठीत समोर दिसतो.

पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरून, दोरा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की कागदावर ठिपके देतात. नंतर १ सेंटिमीटर म्हणजे ५० ग्रॅम-भार असे प्रमाण घेऊन तीन बाजू ओळीने काढतात: ३ सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर, ५ सेंटिमीटर. त्रिकोण पूर्ण बंद व्हायला हवा, पण कप्पीचे घर्षण आणि डोळ्याची चूक यांमुळे शेवटचे टोक पहिल्या टोकापासून दोनेक मिलिमीटर दूर राहते. मुले खोडरबराने ती फट मिटवून टाकतात. मी त्यांना थांबवतो आणि त्या फटीची दिशा मापायला सांगतो. पाच गटांच्या पाच कागदांवर ती पाच वेगळ्या दिशांना असते. एकाच गटाने प्रयोग पुन्हा केला तरी दिशा बदलते.

असे का होते, याचा हिशेब सोपा आहे. ३ सेंटिमीटर लांबीच्या रेषेचे टोक १ मिलिमीटर आडवे सरकले तर तिची दिशा सुमारे २ अंशांनी बदलते. २ मिलिमीटर लांबीच्या रेषेचे टोक तेवढेच सरकले तर दिशा सुमारे २७ अंशांनी फिरते. सदिश जितका लहान, तितकी त्याची दिशा कच्ची. लांबी शून्यापर्यंत नेली तर दिशेला धरून राहायला काहीच उरत नाही. 'दिशा नसते' आणि 'कोणतीही दिशा घेता येते' ही दोन्ही वाक्ये याच एका गोष्टीबद्दल बोलत आहेत, असे मला वाटते.

उत्तर — तळ्यावरचा

कोनमापक सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो आणि थोडा मतभेदही नोंदवतो. समांतर आणि लंब या तिसऱ्या शंकेला अजून हात लागलेला नाही, आणि ती शंका तिन्हींत सर्वांत खोल आहे.

रेषांच्या भूमितीतून आलेले मूल 'लंब' शब्द ऐकताच काटकोन पाहते. सदिशांच्या बीजगणितात मात्र 'लंब' याचा अर्थ अदिश गुणाकार ० असणे, एवढाच ठरवलेला आहे. शून्य सदिशाचा कोणत्याही सदिशाशी अदिश गुणाकार ० असतो, म्हणून या अर्थाने तो सर्वांना लंब आहे. तो कोठे काटकोन करत नाही. कोन काढण्याच्या सूत्रात दोन्ही परिमाणांनी भागावे लागते आणि तेथेच सूत्र बंद पडते, म्हणून शून्य सदिश आणि दुसरा एखादा सदिश यांच्यातील कोन अस्तित्वातच नाही. त्याचप्रमाणे 'एकरेषीय', म्हणजेच समांतर, याचा अर्थ असा ठरवला आहे की म आणि न असे दोन अदिश, दोन्ही एकदम शून्य नसलेले, सापडावेत आणि मक + नख = शून्य सदिश व्हावे. क हाच शून्य सदिश असेल तर म = १ आणि न = ० घेतले की काम झाले. दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि एकच सदिश दोन्ही उत्तीर्ण होतो. काटकोनाचे चित्र मनात धरून ठेवले तरच विरोध दिसतो.

या कसोट्या अशा का ठरवल्या, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, क या सदिशाला लंब असणारे सगळे सदिश आपण गोळा केले. ते आरंभबिंदूतून जाणारे एक संपूर्ण प्रतल भरतात. त्या प्रतलातील ख आणि −ख दोघेही क ला लंब आहेत. त्यांची बेरीज शून्य सदिश. शून्य सदिश लंब नाही असे म्हटले तर प्रतलाच्या मधोमध एका बिंदूचे भोक पडेल आणि क ला लंब असणाऱ्या दोन सदिशांची बेरीज क ला लंब असते हे साधे विधान खोटे ठरेल. म्हणून शून्य सदिशाला सर्वांना लंब मानणे ही सवलत नाही, बेरीज सुरळीत चालण्यासाठी ते आवश्यकच आहे.

समांतरतेच्या बाबतीत मात्र जपून राहावे लागते. क हा ख ला समांतर आणि ख हा ग ला समांतर, तर क हा ग ला समांतर, हे आपण डोळे मिटून वापरतो. मध्ये ख म्हणून शून्य सदिश ठेवा: क त्याला समांतर, तो ग ला समांतर, आणि म्हणून जगातील कोणतेही दोन सदिश एकमेकांना समांतर! हा अनर्थ टाळण्यासाठीच प्रमेयांत 'शून्येतर सदिश' हा शब्द वारंवार येतो. मुले तो शब्द सजावट समजून गाळतात. भाचीला प्रत्येक प्रमेयात तो शब्द खोडून पाहायला सांगा आणि मग प्रमेय कोठे मोडते ते शोधायला सांगा. क आणि ख नैकरेषीय (एकरेषीय नसलेले) असतील आणि मक + नख = शून्य सदिश असेल, तर म आणि न दोन्ही ० असतात, या विधानात क च्या जागी शून्य सदिश ठेवला की म ला ५ किंवा ५००, काहीही किंमत चालते आणि निष्कर्ष कोसळतो. दोन तास या खटपटीत गेले तरी चालतील. ते वाया जाणार नाहीत.

मतभेद एवढाच आहे. 'दिशा नसते' हे वाक्य पहिल्या दिवशी ठीक आहे, पण त्यावरच थांबलेले मूल 'मग तो कशालाच लंब नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढते. मी 'दिशा निश्चित नाही' असे शिकवतो.

उत्तर — निरीक्षक

मी हवामान निरीक्षणाच्या कामात आहे. वाऱ्याचा वेग ही सदिश राशी आहे, आणि आमच्या कामात हा प्रश्न रोजच्या रोज सोडवावा लागतो. विमानतळाच्या हवामान अहवालात वाऱ्यासाठी पाच अंकांचा गट असतो: पहिले तीन अंक वारा कोणत्या दिशेकडून येतो ते अंशांत सांगतात आणि पुढचे दोन अंक वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) सांगतात. पूर्वेकडून १० नॉटचा वारा असेल तर ०९०१० असे लिहितात. उत्तर दिशा म्हणजे खरे तर ० अंश, पण उत्तरेकडून येणारा वारा आम्ही ३६० असा लिहितो आणि ००० हा आकडा वारा पूर्ण शांत असतानासाठी राखून ठेवतो. तेव्हा गट होतो ०००००. वारा नसताना दिशेच्या जागी उत्तर आहे असा कोणाचा समज होऊ नये, हाच त्यामागचा लाभ आहे. वाऱ्याचा शून्य सदिश लिहिण्याची ही रीत भाचीला आवडेल.

प्रश्नकर्ता — मुळाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी सगळी उत्तरे वाचली. रोकडवही आणि मालसाठ्याची वही मला पटली, फटीची दिशा तिला पटली. 'शून्येतर' हा शब्द तिने वहीत जेथे जेथे सापडला तेथे तांबड्या पेनाने अधोरेखित केला आहे.

तिने लगेच एक नवी शंका काढली आहे. दगड सरळ वर फेकला तर सर्वांत वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य सदिश होतो. मग त्या क्षणी त्याचे त्वरणही शून्य सदिश असते का? तिच्या वर्गात निम्म्या मुलांनी 'हो' म्हटले आणि ती स्वतःही त्यांत होती.

उत्तर — दोरीची गाठ

त्या क्षणी त्वरण शून्य सदिश नसते. ते पूर्ण वाटचालीत, वर जाताना, वरच्या टोकाला आणि खाली येताना, सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके असते आणि त्याची दिशा सतत खाली असते. हवेचा विरोध येथे धरलेला नाही. त्वरण सांगते की वेग कसा बदलतो आहे, वेग किती आहे हे नव्हे. टोकावर त्वरणही शून्य सदिश असते तर वेग बदलायला काही कारणच उरले नसते आणि दगड तेथेच लटकून राहिला असता.

दोन दगड शेजारी ठेवून विचार करायला सांगा. एक टेबलावर ठेवलेला आहे, दुसरा फेकीच्या वरच्या टोकाला आहे. या क्षणी दोघांचाही वेग शून्य सदिश आहे. टेबलावरच्या दगडावर गुरुत्वबल खाली आहे आणि टेबलाचा आधार तितकाच वर आहे, म्हणून त्याच्यावरील बलांची बेरीजही शून्य सदिश आहे. हवेतल्या दगडाला आधार नाही, त्याच्यावर त्याचे वजन एकटेच काम करते. म्हणून 'शून्य सदिश' लिहिताना तो कोणत्या राशीचा, हे शेजारी लिहायची सवय तिने आताच लावून घ्यावी.

आणि तिच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर याच दगडात आहे. टोकाला पोचण्याच्या एक शतांश सेकंद आधी वेगाची दिशा वर असते, एक शतांश सेकंद नंतर ती खाली असते. मधल्या त्या एका क्षणी वेगाला 'वर' म्हणावे तर नंतरचा क्षण आक्षेप घेतो, 'खाली' म्हणावे तर आधीचा क्षण आक्षेप घेतो. तिने दर दशांश सेकंदाला वेगाचा बाण काढून अशी आकृती वहीत काढावी. बाण आखूड होत होत ज्या ठिकाणी फक्त ठिपका उरतो, तेथे तिला बाणाचे टोक कोणत्याच बाजूला काढता येणार नाही.